सौर ड्रोन, साधा ड्रोन की उपग्रह: नागपुरात बसून ठरवताना

20 किलोमीटर उंचीवर महिना-दोन महिने घिरट्या घालणारा सौर ड्रोन घ्यावा, असा विषय निघाला की विदर्भाच्या उन्हाचं कौतुक आधी होतं. ऊन पुरेसं आहेच. त्या उंचीवर ढग आणि धूळ आड येत नाहीत, आणि ऐन डिसेंबरातही भरदुपारी नागपुरात सूर्य क्षितिजापासून 45 अंश वर असतो. अडचण रात्रीची आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथली रात्र 13 तासांहून जास्त असते.

हिशेब मांडून बघा. यान 75 किलोचं धरा. एअरबसच्या झेफिर या सौर ड्रोनचं वजन एवढ्याच्या आतबाहेर आहे आणि पंख 25 मीटर. 20 किलोमीटरवर हवेची घनता जमिनीलगतच्या 7 टक्के, म्हणून वर टिकायलाच ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. त्यासाठी मोटारींना ढोबळमानाने 1 किलोवॅट, म्हणजे रात्रभराचे 13 युनिट. किलोमागे 250 वॅट-तास देणारे नेहमीचे लिथियम सेल घेतले तर बॅटरीच 52 किलोची होते आणि गणित तिथेच संपतं. 450 वॅट-तासांचे सिलिकॉन अॅनोडवाले सेल घेतले तर 29 किलो. त्यावर 100 वॅटचं उपकरण रात्रभर चालवायचं म्हटलं तर आणखी 3 किलो बॅटरी. एकूण उपकरणांसाठी मिळतात जेमतेम 5 किलो!

दिवसा वर चढायचं आणि रात्री हळूहळू उतरायचं, ही युक्ती विक्रेते हमखास सांगतात. 75 किलोचं यान 4 किलोमीटर उतरलं तरी त्यातून 0.8 युनिट मिळतं, म्हणजे तासाभराची सोय. शिवाय पावसाळ्यात 17 किलोमीटरपर्यंत खाली आलात की गडगडाटी ढगांचे माथे जवळ येतात.

मात्र रात्रीच्या या अडचणीपेक्षा मोठा धोका चढता-उतरताना असतो. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विंडहॅमजवळ एक झेफिर चढत असतानाच खवळलेल्या हवेत मोडलं. नासाचं 75 मीटर पंखांचं हेलिऑस 2003 मध्ये हवाईजवळ असंच तुटलं. झेफिरचं 2022 चं 64 दिवसांचं उड्डाणही अॅरिझोनात यान गमावूनच संपलं. 2025 मध्ये ही मजल 67 दिवसांवर गेली. पहाटे सोडलेलं यान सुरक्षित उंची गाठेपर्यंत जवळपास दिवस जातो. मार्च ते जूनमध्ये तोवर दुपारची तापलेली हवा उसळायला लागते, एखाद्या दिवशी वळीवही येतो. पुढे परतीचा पाऊस धरून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि रात्री सगळ्यात लांब नेमक्या तेव्हाच. नागपुरात ही खरी कोंडी आहे. त्यात वरून देशाच्या चारही दिशांची विमानं जातात, त्यामुळे इतका संथ चढणारा पाहुणा हवाई नियंत्रणाला नकोच असतो.

आता कामाप्रमाणे पाहू.

काटोल-नरखेडच्या संत्राबागा मोजायच्या, झाडागणिक रोग बघायचा असेल तर उभा उठून पंखांवर उडणारा साधा ड्रोन घ्या. 120 मीटरवरून 2-3 सेंटिमीटरचा तपशील आणि एका उड्डाणात 100-200 हेक्टर मिळतात; नजरेपलीकडे न्यायचा तर वेगळी परवानगी लागते. मे महिन्यात सकाळी 9-10 च्या आत आटपा, कारण 45 अंशांत बॅटरी आणि मोटार दोन्ही तापतात. सौर ड्रोनचा कॅमेरा 18 सेंटिमीटरपर्यंत दाखवतो. जुलैत मात्र त्याला खाली ढगांची पांढरी चादरच दिसेल, कारण तो ढगांच्या वर आहे. साधा ड्रोन ढगांखालून उडतो, पाऊस थांबला की काम सुरू.

दीक्षाभूमीवरच्या गर्दीसाठी तारेने जोडलेला ड्रोन पुरतो. वीज जमिनीवरून येते, 60-100 मीटरवर तासन्‌तास उभा राहतो. विमानतळ जवळ असल्याने परवानगीची सोय आधी लावा, आणि वारा वाढला की निमूट खाली घ्या.

पूर्ण जिल्ह्याची पिकं पाहायची तर युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट आहेत: 10 मीटरचा तपशील, 5 दिवसांनी फेरी. वैनगंगेच्या पुरात ढगांतून पाहणारं सेंटिनेल-1 चं रडार बघा.

सौर ड्रोनचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम उरतं: एका जागेवरून आठवडेच्या आठवडे मोठ्या भागाला संपर्क देणं. नागपूरवर उभा राहिला तर गडचिरोली आणि चिखलदरा दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. पण चिखलदऱ्याहून तो क्षितिजापासून जेमतेम 5 अंश वर दिसेल, म्हणजे मेळघाटच्या दऱ्या सावलीतच. आपल्याकडची तयारी अजून चाचणीच्या पायरीवर आहे: फेब्रुवारी 2024 मध्ये एनएएल या सरकारी वैमानिकी प्रयोगशाळेचं 12 मीटर पंखांचं छोटं यान कर्नाटकात चळ्ळकेरेला साडेआठ तास उडालं.

तरीही कुणी प्रस्ताव घेऊन आलंच, तर 21 अंश अक्षांशावर, 22 डिसेंबरच्या रात्री, उपकरण चालू ठेवून पहाटे बॅटरीत किती टक्के उरतात, तो आकडा लेखी मागा. आणि 60 वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर तोच आकडा किती होतो, तेही.