आजीच्या कॅसेट डिजिटल करून घेतल्या, नागपुरात बर्डीवरच्या गल्लीतलं दुकान (५ पैकी ४ स्टार)

माझी आजी इमामवाड्यात सुईण होती. १९९४ मध्ये ताईने टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिला बोलतं केलं होतं, त्या ३ कॅसेट इतकी वर्षं पेटीतच पडून होत्या. आत्ता काढल्या कारण अमेरिकेतल्या ब्लॅक सुईणींबद्दल वाचत होते, तिकडे दक्षिणेत त्यांना ग्रॅनी मिडवाइफ म्हणायचे. अलाबामाच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ, ३००० च्या वर बाळंतपणं केली त्यांनी. या बायांना बऱ्याचदा पैशाऐवजी कोंबडी नाहीतर भाजीपाला मिळायचा, वरून सरकारी नर्स येऊन बॅग तपासायची, आत झाडपाला दिसला की परवाना धोक्यात. १९७६ मध्ये अलाबामाने कायदाच बदलला आणि त्यांचं काम संपवत आणलं. स्मिथबाईंचं सगळं राहिलं कारण कोणीतरी बसून ऐकून घेतलं, १९९६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. वाचताना सारखी आजीच दिसत होती, तिलाही शेवटी शेवटी अडाणी म्हणायचे लोक, ज्यांची नाळ तिने कापली तेच.

तर दुकान. एका कॅसेटला पांढरी बुरशी होती, दुसरीची टेप तुटलेली. दुकानातल्या दादांनी माझ्यासमोर खोललं, तुटलेली टोकं जोडली, कापसाने हळूहळू पुसलं. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, घाई करून होत नाही म्हणाले. कॅसेटमागे ३५० रुपये, पेनड्राइव्ह आपला.

एक स्टार का कापला सांगते. पहिल्यांदा दिलं तेव्हा आवाज इतका साफ केला होता की मागच्या बायाच गेल्या! आजी सांगून राहिली की एका बाळंतपणात वार (बाळानंतर पडते ती) पडत नव्हती, रात्रभर बसली, आणि मधेच शेजारची काकू ओरडते "अवं ते माझ्या शांतीच्या वेळचं, पाऊस होता तेव्हा", मग दोघींचं भांडण की पाऊस होता का नव्हता. तेच गायब. मला तर रडूच आलं दुकानात, कारण आजीला जे आठवत नव्हतं ते त्या काकूंनाच आठवत होतं. दादांनी एक पैसा न घेता पुन्हा करून दिलं, साफ न करता, आता काकू पण आहेत आणि मागे रॉकेलचा स्टोव्ह पण ऐकू येते. देताना आधीच सांगा, काही काढू नका म्हणून.

बुरशीवालीची एक बाजू अजून बाकी आहे, सोमवारी जाते परत.