सेल्सफोर्समध्ये कुणाला काय दिसावं: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात एका बांधकाम व्यावसायिकाच्या मुख्य कार्यालयात मी ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळते. तीन साइट चालू आहेत आणि बेचाळीस जणांना लॉगिन आहे: प्री-सेल्सची फोनवर बोलणारी मुलं-मुली, साइटवरचे सेल्स एक्झिक्युटिव्ह, त्यांचे मॅनेजर, लोन डेस्क, अकाउंट्स आणि बुकिंगनंतरचं सगळं बघणारी टीम. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही सेल्सफोर्स घेतलं. त्याचे डॅशबोर्ड, मोबाइल ॲप यांबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय: कुठली नोंद कुणाला दिसते आणि ते ठरवायचं कसं. आमच्याकडे सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली, आणि ती एका ग्राहकाला सोसावी लागली.

तिसऱ्या महिन्यात एक बाई कार्यालयात आल्या. टू बीएचके बुक केलेला, टोकन भरलेलं. जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीमुळे एका बँकेने त्यांचं कर्ज नाकारलं होतं आणि हे त्यांनी फक्त आमच्या लोन डेस्कवरच्या मुलीला सांगितलं होतं. दोन दिवसांनी आमच्याच दुसऱ्या साइटच्या सेल्सवाल्याचा त्यांना फोन गेला: मॅडम, तुमचं लोन झालं नाही असं कळलं, आमच्याकडे लहान फ्लॅट आहे, बघता का? बाई माझ्यासमोर फाइल मांडीवर धरून बसल्या होत्या. आवाज चढवला नाही. “हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं हो,” एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी शोधत बसले. सेल्सवाल्यांना कर्जाची स्थिती दिसू नये म्हणून आम्ही तो रकाना त्यांच्या पेज लेआउटमधून काढला होता. स्क्रीनवर तो खरोखरच दिसत नव्हता. पण पेज लेआउट म्हणजे फक्त पानाची मांडणी. त्या मुलाने रिपोर्ट बनवताना रकान्यांच्या यादीत ‘लोन स्टेटस’ पाहिलं, ओढून घेतलं आणि नाकारलेल्या कर्जांची अख्खी यादी त्याच्यासमोर आली. रकाना खरा बंद होतो तो फील्ड-लेव्हल सिक्युरिटीमधून, म्हणजे कुठला रकाना कुणाला हे ठरवणाऱ्या सेटिंगमधून. तिथे बंद केला की पानावर, रिपोर्टमध्ये, नोंदींच्या यादीत (लिस्ट व्ह्यू), दुसऱ्या प्रोग्रॅमने मागितला तरी (एपीआय), कुठूनच तो त्या माणसाला मिळत नाही. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही वाचलं नव्हतं. दुसऱ्या साइटच्या नोंदी त्याला मुळात दिसल्याच कशा, याचं उत्तर आणखी खाली होतं: अपॉर्च्युनिटीचं, म्हणजे चालू सौद्याच्या नोंदीचं, ऑर्ग-वाइड डिफॉल्ट (सगळ्यांना लागू होणारी मूळ सेटिंग) आम्ही ‘पब्लिक रीड ओन्ली’ ठेवलं होतं. सगळ्यांना दिसू दे, बदलता येऊ नये एवढं पुरे, असं सुरुवातीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. त्या मीटिंगला मीही होते.

इथे या सॉफ्टवेअरचा स्वभाव समजून घ्यायला हवा. प्रोफाइल आणि पर्मिशन सेट सांगतात, एखाद्या प्रकारच्या नोंदींसोबत तुम्ही काय करू शकता: वाचणं, नवीन करणं, बदलणं, पुसणं. त्या प्रकारातल्या नेमक्या कुठल्या नोंदी तुमच्या वाट्याला येतात, हे वेगळं ठरतं आणि त्याचा तळ म्हणजे ऑर्ग-वाइड डिफॉल्ट. त्याच्यावरचे रोल हायरार्की (कोण कुणाच्या वर), शेअरिंग रूल, टीम, हाताने केलेलं शेअरिंग, हे सगळे थर दार उघडतात. बंद कुणीच करत नाही. म्हणजे तळ उघडा ठेवलात तर वर कितीही नियम लिहा, झाकलं काही जात नाही. बंद करणारे रिस्ट्रिक्शन रूल अलीकडे आलेत, पण ते टास्क, इव्हेंट, कॉन्ट्रॅक्ट आणि आपण बनवलेल्या ऑब्जेक्टसारख्या (ऑब्जेक्ट म्हणजे नोंदींचा एक प्रकार) मोजक्या ठिकाणी चालतात. लीड (चौकशी करणाऱ्या ग्राहकाची पहिली नोंद) आणि अपॉर्च्युनिटीवर नाहीत. आमचं सगळं भांडण तर तिथलंच.

म्हणून एका रविवारी रात्री लीड आणि अपॉर्च्युनिटी दोन्ही ‘प्रायव्हेट’ केलं. बदल केल्यावर सगळ्या नोंदींचा हिशेब नव्याने लागतो आणि झाल्यावर ईमेल येतो. दिवसा, लोक कामात असताना हे करू नका.

सोमवारपासून तक्रारी सुरू झाल्या आणि त्या खऱ्या होत्या. आमच्या धंद्यात रविवार सर्वांत गर्दीचा. ज्या मुलाशी फोनवर बोलणं झालं तो सुट्टीवर, कुटुंब साइटवर हजर, डेस्कवरची मुलगी नाव टाकते तर नोंदच सापडत नाही. मग ती नवीन लीड भरते. एकाच माणसाच्या दोन नोंदी, दोघांचा इन्सेंटिव्हवर दावा, आणि ग्राहकाला तेच प्रश्न दुसऱ्यांदा. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, तळमजला किंवा पहिला मजलाच हवा, हे आधी फोनवर सांगून झालेलं असतं, ते पुन्हा पहिल्यापासून. नोंद लपवण्याच्या नादात आम्ही ग्राहकालाच परका करत होतो.

यावर दोन गोष्टी केल्या. पहिली, निकषावर चालणारा शेअरिंग रूल: प्रोजेक्ट अमुक आणि स्थिती ‘साइट व्हिजिट ठरली’ असेल तर ती लीड त्या साइटच्या डेस्कच्या पब्लिक ग्रुपला (आपण ठरवलेल्या लोकांच्या गटाला) वाचायला आणि बदलायला मिळते. भेट ठरली की दार उघडतं, लीड थंड पडली आणि स्थिती बदलली की आपोआप बंद होतं. एका ऑब्जेक्टवर असे निकषाचे नियम साधारण पन्नासपर्यंत करता येतात, आम्हाला तीन पुरले. दुसरी गोष्ट डुप्लिकेट रूलमधली, म्हणजे एकाच माणसाची दुसरी नोंद पकडणाऱ्या नियमातली. तिथे शेअरिंगचे नियम पाळायचे की ओलांडायचे असा पर्याय असतो. आम्ही ‘ओलांडा’ निवडलं. आता डेस्कवरच्या मुलीला दुसऱ्याची नोंद उघडता येत नाही, पण तोच फोन नंबर टाकला की ‘अशी नोंद आधीपासून आहे’ एवढं कळतं. ती मॅनेजरला फोन करते, मिनिटात नोंद तिच्याकडे येते. माझ्या मते प्रायव्हेट करणाऱ्या प्रत्येकाने हा पर्याय त्याच दिवशी तपासावा.

आता सगळ्यात नाजूक भागाकडे येते: पॅन, आधार, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट. सुरुवातीला या फाइली बुकिंगच्याच नोंदीला जोडलेल्या होत्या. ज्याला बुकिंग दिसतं त्याला फाइलही दिसायची. आम्ही केवायसीसाठी वेगळं ऑब्जेक्ट केलं, पण ते बुकिंगला मास्टर-डिटेल नात्याने जोडलं. तिथे आठवडा गेला. मास्टर-डिटेलमध्ये खालच्या नोंदीला स्वतःचं शेअरिंग उरतच नाही, वरची ज्याला दिसते त्याला खालचीही दिसते, आणि डिफॉल्टमध्ये ‘कंट्रोल्ड बाय पेरंट’ सोडून काही निवडता येत नाही. नातं लूकअप, म्हणजे खालच्या नोंदीला स्वतःचं शेअरिंग ठेवू देणारं, करावं लागलं. बुकिंगवर केवायसीची संख्या मोजणारा रोल-अप समरीचा रकाना होता, तो आधी काढावा लागला, नाहीतर नातं बदलूच देत नाही.

लूकअप झाल्यावर केवायसी प्रायव्हेट केलं आणि त्याच ओळीतली ‘ग्रँट ॲक्सेस यूझिंग हायरार्कीज’ची टिक काढली. ही टिक म्हणजे हाताखालच्या माणसाची नोंद वरच्याला आपोआप दिसणं. लीड, अपॉर्च्युनिटी अशा मूळच्या ऑब्जेक्टवर ती काढता येत नाही, आपण बनवलेल्यावर येते. सेल्स हेड सर नाराज झाले. “माझ्या टीमचं बुकिंग आणि मलाच कागद दिसत नाहीत?” मी त्यांना विचारलं, सर, ग्राहकाच्या पगाराची स्लिप बघून तुम्ही नक्की काय करता? ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, कागद पूर्ण आले की नाही एवढंच कळायला हवं. मग बुकिंगवर ‘केवायसी पूर्ण’ असा एक चेकबॉक्स दिला, लोन डेस्क तो भरतो. त्यानंतर त्यांनी कधी फाइल मागितली नाही. पाहण्याचा हक्क मागणाऱ्या बहुतेकांना खरं तर एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, हे मला इथे कळलं. तेव्हापासून कुणी ॲक्सेस मागितला की मी आधी तो प्रश्न विचारते.

रोल हायरार्कीबद्दल थोडक्यात. आम्ही ऑफिसचा चार्ट जसाच्या तसा उतरवला होता, म्हणून मार्केटिंगच्या प्रमुखांना तिन्ही साइटच्या सगळ्या नोंदी दिसत होत्या, कारण चार्टवर त्या सेल्सच्या वर होत्या. रोल हा हुद्दा नाही, कुणाच्या नोंदी कुणापर्यंत पोचतात तो रस्ता आहे. आम्ही तो नव्याने आखला आणि मार्केटिंगला आकड्यांचा रिपोर्ट दिला, नावांशिवाय.

‘व्ह्यू ऑल’ आणि ‘मॉडिफाय ऑल’ या दोन टिकांना जपा. प्रोफाइलमध्ये किंवा पर्मिशन सेटमध्ये लीडसमोर ‘व्ह्यू ऑल’ लागली की वर सांगितलेलं सगळं त्या माणसासाठी निरर्थक होतं, प्रायव्हेट असो की काही असो. आमच्याकडे प्री-सेल्सच्या एका प्रोफाइलवर ती लागलेली होती, कारण घाईत एका जुन्या प्रोफाइलची नक्कल केली होती. ‘एक्स्पोर्ट रिपोर्ट्स’ही सोबत आलं होतं. म्हणजे हंगामी कामाला आलेली मुलं तिन्ही साइटचे फोन नंबर एका क्लिकवर उतरवून घेऊ शकत होती. आता प्रोफाइल अगदी कमी हक्कांचं ठेवलंय आणि प्रत्येक कामासाठी लहान पर्मिशन सेट केलेत. सेटअप ऑडिट ट्रेलमध्ये सेटिंगमधले सहा महिन्यांचे बदल मिळतात, मी दर महिन्याला ते उतरवून वाचते.

नोकरी सोडणाऱ्यांचा मुद्दाही लिहून ठेवते. निरोप मिळाला की आधी ‘फ्रीझ’ करा, लॉगिन तत्क्षणी बंद होतं. फक्त लायसन्स मोकळं होत नाही, त्यासाठी नोंदी दुसऱ्याच्या नावावर करून नंतर डीॲक्टिव्हेट करायचं. आणि एक लक्षात ठेवा: नोंदीचा मालक बदलला की हाताने केलेलं शेअरिंग पुसलं जातं. आमच्या एका मुलाने त्याच्या अकरा ग्राहकांच्या नोंदी शेजारच्या मुलीला शेअर केल्या होत्या. तो गेला, नोंदी मॅनेजरच्या नावावर गेल्या आणि त्या मुलीच्या हातून अकराही नोंदी नाहीशा झाल्या. तिला वाटलं तिच्यावर अविश्वास दाखवला. तिची समजूत काढायला मला दोन दिवस लागले.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. कुठलाही बदल केला की ‘लॉगिन ॲज’ने त्या माणसाच्या जागी जाऊन बसते, आधी सर्चमध्ये आणि मग रिपोर्टमध्ये शोधते. ॲडमिनच्या डोळ्यांनी बघितलं तर सगळंच दिसतं, त्यातून काही कळत नाही. ग्राहकाचं नाव माहीत असलेला खोडकर माणूस काय काय करून बघेल, तेवढं करते.

हे घ्यावं का? पाच-सात जणांचं ऑफिस असेल तर एवढ्या थरांची गरज नाही, आणि सांभाळायला माणूस नसेल तर हे उलटतं. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे इन्सेंटिव्हमुळे एकमेकांच्या नोंदींवर डोळा असतो आणि कपाटभर आधार-पॅन असतात, तिथे मी हेच घेईन. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न जपल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मालकांना सांगितल्यावर माझ्या वेळेचं बजेट लगेच मंजूर झालं. पुढच्या महिन्यात चॅनल पार्टनरना, म्हणजे आमचे फ्लॅट विकणाऱ्या बाहेरच्या एजंटांना, लॉगिन द्यायचेत. बाहेरच्यांसाठीचं डिफॉल्ट वेगळं असतं, तिथे सगळं पहिल्या दिवसापासून प्रायव्हेट ठेवलंय.

त्या बाईंना नंतर दुसऱ्या बँकेने कर्ज दिलं. मागच्या आठवड्यात त्या करारनाम्याच्या नोंदणीसाठी आल्या तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबल्या. “आता माझं कोण कोण बघतं?” असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या केवायसीच्या नोंदीवर शेअरिंग हायरार्की (ती नोंद कुणाकुणाला दिसते ती यादी) उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चार नावं होती: लोन डेस्कवरच्या दोघी, अकाउंट्सचे एक आणि मी. त्यांनी चष्मा लावून चारही नावं वाचली आणि त्यातली लोन डेस्कवरची कुठली मुलगी ती, असं विचारून तिला भेटायला आत गेल्या.