‘सगळं कुजलंय’ म्हणाला, आणि आम्ही सही केली

आमच्या जुन्या नाट्यगृहाच्या जीर्णोद्धारात आम्ही फसलो. समितीत मीही होतो, बिलांवर माझीही सही आहे. असं काम हाती घ्यायचा विचार कोणी करत असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

कंत्राटदार पहिल्यांदा पाहणीला आला, शिडीवर चढला आणि छताच्या एका तुळईच्या टोकात त्याने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला, भुसा खाली पडला. "सगळं कुजलंय. उद्या कोणाच्या डोक्यावर पडलं तर?" आमच्या पोटात गोळाच आला. प्रेक्षकांच्या जिवाचा प्रश्न निघाल्यावर कोण वाद घालणार? सगळ्या तुळया काढून लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, बसवायचं ठरलं. जुनं लाकूड राडारोडा म्हणून त्यानेच उचलायचं आणि वाहतूक खर्च आम्ही द्यायचा, असंही आम्ही लिहून दिलं.

ट्रक भरत होता तेव्हा मी जवळ गेलो. कापलेल्या तुळईचा छेद समोर होता. वर्तुळं दाट, लाकूड टणक, कीड नावाला नाही, आणि कापल्या जागी लाकडाचा ताजा वास. भिंतीत ओल मुरते, म्हणून भिंतीत गेलेली टोकं तेवढी खराब झाली होती. नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगितलं, की तेवढंच टोक कापून नवा तुकडा सांधला किंवा पोलादी पट्ट्या जोडल्या, की अशी तुळई बहुतेक वेळा वाचते. त्या दिवशी "आता मध्यावर खुपसून दाखव" एवढं कोणी म्हणायला हवं होतं. अशा जुन्या, कसदार लाकडाला चांगली किंमत येते, हे त्याला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

गिलाव्यातही तेच. अंदाजपत्रकात चुन्याचा गिलावा, भिंतीवर मात्र सिमेंट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात. आमच्या भिंतीवर तिसऱ्याच दिवशी नख उमटेना. मी विचारलं तर म्हणाला, "भारी प्रतीचा चुना आहे." मला शंका आली होती, तरी मी गप्प बसलो. याची बोचणी अजून आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट चढवलं की ती ओल आत कोंडते. वर्षभरात लोणा फुटला, म्हणजे भिंतीवर क्षारांची पांढरी भुकटी आली, पोपडे सुटले. आता ते सिमेंट खरवडताना विटांचे कपचे निघतात.

रंगमंचाच्या पडद्यांसाठी आगरोधक प्रक्रियेचं प्रमाणपत्र दिलं होतं. ते दुसऱ्याच कापडाचं निघालं. शिवणीतला एक तुकडा बाहेर नेऊन, पाण्याची बादली शेजारी ठेवून काडी लावली, तर काडी बाजूला केल्यावरही तो जळतच राहिला. 1903 साली शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागून 602 माणसं गेली. त्या इमारतीची जाहिरातही ‘अग्निरोधक’ म्हणूनच केली होती, आणि रंगमंचावरची आग प्रेक्षकांपर्यंत पोहोचू नये म्हणून असलेला संरक्षक पडदा ऐनवेळी मध्येच अडकला. हे वाचल्यापासून मी कागदावर विश्वास ठेवत नाही. पडदे सगळे उतरवले.

ही सगळी कामं पुढे झाकली जाणारी होती, आणि झाकल्यानंतरच आम्ही बिलं काढली. मोजमाप वहीत ‘एकरकमी’, म्हणजे मोजमाप न देता एकच रक्कम, लिहिलेल्या बाबींबद्दल तर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. इंजिनियर आम्ही नेमला, पण काम निम्मं झाल्यावर, आणि तोही कंत्राटदाराच्या ओळखीचा. सध्याचा दुसरा, स्वतंत्र आहे. तो झाकण्याआधी प्रत्येक थराचा फोटो घेतो, तोवर पैसे सुटत नाहीत. निघालेलं लाकूड, कड्या, खुर्च्या, सगळ्याची यादी होते आणि माल आमच्याच कुलपात राहतो.

शेवटचं बिल अडवलं तेव्हा बाल्कनीखालच्या दोन तुळया काढायच्या राहिल्या होत्या. त्यांची टोकं सांधून घेतली. बाल्कनीचा भार अजून त्याच पेलताहेत.