स्टेजची भीती आणि योगवर्ग: पाचातले चार स्टार

पुण्यात आमच्या भागात शनिवार-रविवार योग आणि भाषण असा एकत्र वर्ग चालतो, तो करून आले, माईक दिसला की ज्यांच्या घशाला कोरड पडते त्यांच्यासाठी लिहितेय. आधीच सांगते, भीती जात नाही, मीटिंगच्या आधी पोटात गोळा अजून येतो, पण आवाज कापायचा बंद झाला आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

आसनं फार नाहीत. ताडासनात दोन्ही पायांवर सारखं वजन घ्यायचं आणि तसंच उभं राहून बोलायचं, कारण घाबरलं की माणूस या पायावरून त्या पायावर झुलत राहतो. मग सिंहासन, जीभ पूर्ण बाहेर काढून जोरात श्वास सोडायचा, जबडा घसा सगळं मोकळं होतं (समोर बँकेतले साहेब लोक जीभ काढून बसलेले बघितले की अर्धी लाज तिथंच संपते). भ्रामरी सगळ्यात भारी, गुणगुणताना श्वास हळूहळू सुटतो ना, त्यानं छातीतली धडधड जरा खाली येते. कपालभाती मात्र बोलायच्या आधी नको म्हणाल्या मॅडम, आणि बीपीवाल्यांनी तर नाहीच.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्या तासाला. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' हे शाळेपासून डोक्यात बसलंय, ते चालू केलं की मॅडम तिथंच थांबवतात, घरी बोलता तसं सांगा म्हणतात. मी वऱ्हाडातली, इतकी वर्षं इथं तोलूनमापून बोलतेय, शेतातल्या रोडग्यांच्या पार्टीचं सांगता सांगता "मी त पाहूनच राहिली" तोंडातून गेलं आणि कोणी हसलं नाही, उलट मागचे लोक पुढं सरकून ऐकायला लागले. पाठच केलं नव्हतं त्यामुळं विसरायचं टेन्शन पण नाही.

एक स्टार कापला कारण बॅच मोठी, बोलायची पाळी लवकर येत नाही, आणि चक्र-ऊर्जा यावरचं प्रवचन जरा लांबतं. त्या बाबतीत टोस्टमास्टर्स (भाषणाचा सराव करायचे क्लब) बरं, तिथं ऐनवेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायलाच लावतात, अं-अं मोजायला वेगळा माणूस असतो. गंमत म्हणजे अमेरिकेतलं टोस्टमास्टर्स आणि लोणावळ्याची योगसंस्था कैवल्यधाम दोन्ही १९२४ चेच. जमलं तर हा वर्ग आणि टोस्टमास्टर्स दोन्हीकडे जा. वर्गाची फी एकदम भरू नका, एक ट्रायल क्लास फ्री देतात, मागावा लागतो फक्त. आणि सतरंजी स्वतःची न्या.