धार्मिक नाट्य सावरायचंय: पैसा आधी शिकवण्यावर घालावा की उत्सवावर?

मोडकळीला आलेलं धार्मिक नाट्य पुन्हा उभं करायचं ठरवलं, की देवस्थान समिती असो, देणगीदार असो वा गावातली तरुण मुलं, हातातला पैसा तुटपुंजाच असतो. तो शिकवण्यावर घालायचा की उत्सवावर, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या देशात दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत आणि दोन्ही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत: केरळचं कूडियाट्टम आणि उत्तराखंडचं रम्माण.

कूडियाट्टम हे संस्कृत नाटक. ते व्हायचं मंदिराच्या आवारातल्या कूत्तंबलममध्ये, म्हणजे नाट्यगृहात. कामं मंदिराशी बांधलेल्या जातींत वाटलेली: पुरुष पात्रं चाक्यारांची, स्त्री पात्रं नंग्यार स्त्रियांची आणि मिळावु हे घटासारखं मोठं चर्मवाद्य नंबियारांचं. राजे-जमीनदारांचा आश्रय आटला तशी करणारी घराणी मोजकीच उरली. तेव्हा पैंकुळम राम चाक्यार यांनी ही कला मंदिराबाहेर नेली, आणि १९६५ मध्ये केरळ कलामंडलम या कलाशिक्षण संस्थेत त्यांच्याच हाताखाली तिचं शिक्षण सुरू झालं. चाक्यार नसलेल्या मुलांनाही तिथे प्रवेश मिळाला. माझ्या मते कूडियाट्टम वाचलं ते या एका निर्णयाने. २००१ मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली ती नंतर. तोवर शिकवणारी माणसं तयार झालेली होती.

पण या वाटेला वेळ लागतो आणि किंमतही पडते. मुरलेला नट घडायला दहा-पंधरा वर्षं जातात. डोळ्यांचा अभिनय इथे इतका बारीक, की नट जागचा न हलता नुसत्या नजरेने डोंगर उभा करतो. पायथ्यापासून शिखरापर्यंत तो डोंगर आपल्याला दिसत जातो. असं काम दोन महिन्यांच्या शिबिरात येत नाही, म्हणून विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं विद्यावेतन द्यावं लागतं. शिवाय जे नाट्य मंदिरात चाळीस दिवसांपर्यंत चालू शकतं, ते शहरातल्या रंगमंचावर दोन-तीन तासांत आटपावं लागतं. आणि संस्थेत शिकलेल्या प्रत्येकाला जुन्या मंदिरांतल्या कूत्तंबलमचे दरवाजे उघडतात असंही नाही.

रम्माणची तऱ्हा वेगळी. चमोली जिल्ह्यातल्या सलूड-डुंग्रा या जोडगावांत दर वर्षी एप्रिलअखेर भूमियाळ देवता या ग्रामदैवताचा उत्सव भरतो. त्यात रामकथा गायली जाते, मुखवटे घालून नाच होतो आणि गावाच्या स्वतःच्या आख्यायिकाही रंगतात. कामं गावाने वाटून घेतलेली आहेत: पूजाविधी ब्राह्मणांकडे, ढोल दास वादकांकडे, आणि नृसिंहाचा मुखवटा चढवण्याचा मान फक्त तिथल्या क्षत्रिय भंडारींचा. ज्या घरी देवता वर्षभर मुक्कामाला असते, त्या घराला रोजचे कडक नेमधर्म पाळावे लागतात. इथे प्रेक्षक जमवावा लागत नाही, कारण बघणारे आणि करणारे एकाच गावचे. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं तरी रम्माणचा खरा आधार हे गावच आहे.

याची दुखरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. डोंगरातली तरुण माणसं पोटासाठी खाली शहरांत उतरतात, आणि काम ठरावीक घरांना बांधलेलं असलं की एक घर बंद पडताच तेवढा भाग उघडा पडतो. जातीनिहाय मान तसेच ठेवायचे की नाही, हे गावाने आपसात बोलून ठरवायला हवं. बाहेरून पैसा देणाऱ्याने त्यात अट घालू नये, पण आपण कशाला हातभार लावतोय हे त्याने ओळखून असावं.

कौल द्यायचाच तर मी असा देईन. उत्सव चालू आहे पण जाणती माणसं एक-दोनच उरलीत, तर सगळा पैसा शिकवण्यावर घाला आणि दार सगळ्या जातींच्या मुलामुलींना उघडा. माणसं आहेत पण उत्सवच रोडावलाय, तर शाळा काढून उपयोग नाही. शिकलेला पोरगा नाचणार कुठे? तिथे मुखवट्यांची दुरुस्ती, ढोलवाल्यांचं मानधन आणि परगावी गेलेल्यांचं त्या चार दिवसांचं येणं-जाणं यावर खर्च करा. रंगमंचावरचे प्रयोग जोडीला चालतील, पण उत्सवाच्या जागी नकोत.

आपल्या सिंधुदुर्गातला दशावतार या दोहोंच्या मधे बसतो. मंडळं व्यावसायिक, पण पोट मुख्यतः जत्रांवर. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतो. त्यामुळे इथे संहिता छापून काही जपल्यासारखं होणार नाही. नवशिक्याला मंडळाबरोबर हंगामभर फिरावंच लागतं. संकासुर हे राक्षसाचं पात्र रंगात येऊन समोरच्या गावकऱ्यांना कसं बोलतं करतं, हे तो विंगेत उभा राहूनच शिकतो. अशा ठिकाणी देणगीदाराने एखाद्या मंडळाला दोन नव्या मुलांचा हंगामभराचा पगार द्यावा आणि चित्रीकरणाचा खर्च त्यानंतर उरलेल्या पैशांत बसवावा.