कॅम्पर व्हॅन विकताना मी कसा गंडलो

आधीच सांगतो, चूक माझीही आहे. "एवढं कसं कळलं नाही तुला" हे बायकोचं विचारून झालंय, तुम्ही नाही विचारलं तरी चालेल.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची टाइप २, १९७० चं मॉडेल, पुढे एकच मोठी काच असते ती, वर वेस्टफालिया कंपनीचं उघडणारं छप्पर. साडेतीन वर्षं घातली मी तिच्यात. आणली तेव्हा दोन्ही बाजूंचे खालचे पत्रे सडलेले होते, बॅटरीखालचा पत्रा तर बोट लावल्यावर बिस्किटासारखा तुटून हातात आला होता. इंजिन १६०० सीसीचं, ते पूर्ण खोलून नवीन पिस्टन, नवीन व्हॉल्व्ह, सगळं केलं आणि एकूण एक बिल फाइलला लावून ठेवलं. पण मग पाठीचं दुखणं निघालं, वरच्या बर्थवर चढणं बंद झालं, म्हटलं उभी ठेवून गंज चढवण्यापेक्षा कोणीतरी वापरेल तरी.

बरेच फोन आले, त्यातला एक फार गोड बोलायचा. साहेब साहेब करायचा, किमतीबद्दल एक शब्द नाही, उलट विचारायचा की या गाडीत जपायला काय लागतं. आणि मला काय, कोणी ऐकणारा मिळाला की मी सुरू. वीस मिनिटं मी त्याला तीन नंबरच्या सिलिंडरचं पुराण सांगितलं. म्हणजे बघा, हे इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाहीच, आणि या मॉडेलपर्यंत ऑइल कूलर पंख्याच्या डब्यातच बसवलेला असायचा, बरोबर तीन नंबरच्या वरती. त्यामुळे त्या सिलिंडरला हवा कमी आणि तीही तापलेली. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो तो बहुतेक तिथलाच, फार झालं तर त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं आणि इंजिनचा खिमा. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला काढला. हे सगळं मीच सांगितलं हो त्याला, हौसेने.

आले ते दोघं, संध्याकाळी, उजेड जायच्या बेतात. दुसरा म्हणे मेकॅनिक. चक्कर मारली, गाडी मस्त चालली, खूश झाले. परत आल्यावर मेकॅनिक मागचं झाकण उघडून वाकला आणि पहिला मला म्हणाला साहेब ते छप्पर कसं उघडतं दाखवा ना, मग बर्थ, मग गॅसची शेगडी, मग म्हणाला कागद बघू, ते आणायला मी घरात. या गाडीचं इंजिन मागे असतं आणि पुढे उभ्या माणसाला मागचं काहीही दिसत नाही, हे मी साडेतीन वर्षांत हजार वेळा अनुभवलेलं, पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

बाहेर आलो तर मेकॅनिक म्हणतो, जरा स्टार्ट करा. केली. गाडी चारपैकी तीनच सिलिंडरवर चालायला लागली, सरळ मिसिंग, आणि मागून निळसर धुराचा लोट. माझ्या पोटात गोळाच आला. त्याने कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तीन नंबर गेला. बंद करा, लगेच बंद करा. आता स्टार्ट केली तर डोकं तुटून पिस्टनवर पडेल."

माझंच वाक्य! पण मला ते तेव्हा ओळखू आलं नाही, उलट वाटलं माणूस जाणकार आहे. आणि या एका वाक्याने मला पुन्हा चावी फिरवायची सोयच राहिली नाही. नुसती परत स्टार्ट करून एकेक प्लगची वायर तपासली असती तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

मग पुढचं पटापट झालं. पहिला हळहळला, म्हणाला जाऊ दे, तुमची इच्छा असेल तर अशीच नेतो, पण निम्म्या भावात. थोडी घासाघीस होऊन निम्म्याच्या जरा वर तुटलं. पैसे तिथल्या तिथे खात्यात, तेवढे मात्र खरे निघाले. चिठ्ठी लिहून घेतली माझ्याच अक्षरात, "इंजिन नादुरुस्त अवस्थेत विकत आहे". अर्ध्या तासात गाडी उचलून न्यायचा ट्रकही हजर. चालू गाडी बघायला आलेल्याला इतक्या लवकर ट्रक कुठून मिळाला, हा प्रश्न मला रात्री दोन वाजता पडला.

सकाळी जागेवर तेलाचे थेंब दिसले. माझं इंजिन ऑइल वापरून काळं झालेलं, हे थेंब मधासारखे स्वच्छ. म्हणजे बाटलीतलं ताजं ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर ओतलेलं, तोच धूर. मग मोबाइलमधले फोटो काढून बसलो. देताना आठवण म्हणून इंजिनचा एक फोटो घेतला होता, तो मोठा करून पाहिला. प्रत्येक प्लगच्या वायरला एक रबरी टोपी असते, ती पत्र्यावर गच्च बसावी लागते नाहीतर हवा निसटते. डावीकडे पुढच्या कोपऱ्यातली, तीन नंबरची टोपी बोटभर वर उचललेली. वायर अर्धवट उपसून ठेवली होती, बस.

एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, रेडिएटरच्या गाड्यांत हेच लोक कूलंटच्या बाटलीत ऑइल टाकतात आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमध्ये तेल-पाणी वेगळं ठेवणारी पट्टी, गेलं म्हणून सांगतात. माझ्या गाडीत पाणीच नाही म्हणून धुराची आयडिया. तक्रार करायला गेलो तर माझ्याच हातची चिठ्ठी आडवी आली.

तुम्ही विकत असाल तर दिवसाउजेडी बोलवा, आपला एक माणूस सतत इंजिनपाशी उभा ठेवा, कागद आधीच खिशात ठेवा. आदल्या आठवड्यात कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासून त्याचा व्हिडिओ काढा. आणि समोर काही बिघाड झालाच तर त्या दिवशी व्यवहार नाही, उद्या माझा मेकॅनिक बघेल, एवढंच म्हणा. खरा गिऱ्हाईक थांबतो. आणि गाडीची दुखणी फोनवर सांगू नका, मी सांगितली तशी.

अकरा दिवसांनी गाडी पुन्हा विकायला लागलेली दिसली, माझेच पडदे, माझीच शेगडी. खाली लिहिलं होतं, "इंजिन पूर्ण नवीन केलेले, आधीच्या मालकाची सर्व बिले फाइलसह उपलब्ध." फाइल मी त्यांना ट्रकच्या खिडकीतून स्वतः दिली होती, विसरले होते म्हणून.