लेस्टरशर काउंटीची मेंबरशिप: परत घेतोय, पण मॅचेस ऑगस्टमध्ये पण द्या राव

लेस्टरशर या इंग्लंडमधल्या काउंटी क्रिकेट क्लबची मेंबरशिप रिन्यू करायची वेळ आली की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न येतो, "अरे पण जातोस किती वेळा?" म्हणून या वेळी मी नीट बसून मोजलं. २०२५च्या सीझनला काउंटी चॅम्पियनशिपच्या ७ होम मॅचेस, प्रत्येक ४ दिवसांची म्हणजे २८ दिवस, वर ब्लास्टच्या (टी-२०) ७ आणि वनडे कपच्या (५० ओव्हर) ४ लीग मॅचेस, असे मिळून ३९ दिवस क्रिकेट. त्यातले मला जमले ११. पैसे ३९ने भागले तर एका कॉफीएवढे पडतात आणि माझ्या ११ने भागले तर पबमधल्या साध्या जेवणाएवढे, म्हणजे पैशांच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही, ग्रेस रोडवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, मिळतं त्या मानाने ते फार नाहीत.

ज्यांनी ग्रेस रोड बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेस्टरमध्ये साध्या घरांच्या गल्ल्यांतून चालत जायचं आणि एकदम गेट लागतं. मैदान छोटं, गर्दी बेताची, बाउंड्रीवरचा फिल्डर कीपरला काय ओरडतोय ते तुम्हाला ऐकू येतं. मी नाशिकचा, लहानपणी गोल्फ क्लब मैदानावर (आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात) रणजी बघायला बाबा घेऊन जायचे, डबा सोबत, दुपारी झाडाखाली बसायचं. इथे आल्यावर इतक्या वर्षांनी परत तसं वाटलं ते फक्त ग्रेस रोडवर. फरक एवढाच की डब्यातली पोळी-भाजी एप्रिलमध्ये १० मिनिटांत गार होते.

आणि माझं सगळं म्हणणं याच एप्रिलबद्दल आहे. २०२५ला चॅम्पियनशिप ४ एप्रिलला सुरू झाली. मी गेलो तेव्हा थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, मांडीवर घोंगडी, आणि समोर स्लिपमधला माणूस दर बॉलनंतर हात खिशात घालतोय. शाळा चालू, ऑफिस चालू, मग बघायला कोण येणार तर रिटायर्ड मंडळी. चॅम्पियनशिपच्या जवळपास निम्म्या मॅचेस एप्रिल-मेमध्ये उरकून टाकतात, थोड्या जून-जुलैमध्ये आणि शेवटच्या सप्टेंबरमध्ये. २०२५ला ऑगस्टमध्ये सुरू झालेली एकही नाही! शाळेला सुट्टी, ऊन छान, रात्री साडेआठपर्यंत उजेड, लोक रजेवर, आणि देशातली काउंटी क्रिकेटची सगळ्यात जुनी स्पर्धा, १८९० पासून अधिकृतपणे चालू असलेली, तेव्हा बंद. बाबा नाशिकहून यूट्यूबवर काउंटीचं स्ट्रीमिंग बघतात (फुकट आहे, भारतात दुपारी साडेतीनला मॅच सुरू होते, ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर बघा), ते मला फोनवर म्हणाले, "अरे, तिकडे पाऊस एप्रिलमध्ये आणि ऊन ऑगस्टमध्ये असतं ना, मग हे लोक उलटं का खेळतात?" मी म्हटलं, "बाबा, ऑगस्टमध्ये द हंड्रेड असतं." ते गप्पच झाले थोडा वेळ, मग म्हणाले, "अख्खा महिना?" हो, अख्खा महिना, २०२५ला ५ ते ३१ ऑगस्ट.

आता द हंड्रेडला, म्हणजे शहरांच्या टीमच्या १०० बॉलच्या स्पर्धेला, मी शिव्या घालणार नाही. माझी मुलगी ९ वर्षांची आहे, तिला क्रिकेट लागलं ते हंड्रेडमुळेच. आमच्यापासून ट्रेंट ब्रिज जवळ, तिथे एकाच तिकिटात आधी बायकांची मॅच मग पुरुषांची, १०० बॉलची एक इनिंग, ती दोन्ही पूर्ण बघते आणि घरी येऊन बॉलिंगची ॲक्शन करून दाखवते. २०२१ला पहिली मॅच ओव्हलवर झाली तीच मुळी बायकांची होती, हे फार चांगलं केलं त्यांनी. शिवाय आता त्यात आपलेच लोक पैसे घेऊन आलेत, रिलायन्सने ओव्हलच्या टीमचा ४९ टक्के हिस्सा घेतला, मँचेस्टरच्या टीममध्ये लखनौवाले, लीड्सची टीम पूर्णच्या पूर्ण सनरायझर्सवाल्यांची. त्या विक्रीतून ५० कोटी पौंडांच्या वर पैसा आला आणि त्यात १८ही काउंट्यांना वाटा आहे, लेस्टरशरसारख्या लहान काउंटीला हा आधार लहान नाही. पण एक समजून घ्या, ज्याने एवढे पैसे टाकलेत तो ऑगस्ट सोडणार आहे का? नाही सोडणार. म्हणून चॅम्पियनशिपच्या फॉरमॅटचा जो वाद २०२५ला झाला तो मला वाटतं चुकीच्या जागी झाला. सगळे भांडत होते ते आकड्यावर, प्रत्येक टीमला १४ मॅचेस का १३ का १२ का १०. कॅलेंडरमध्ये त्या कुठे बसवायच्या यावर कोणी तेवढं बोललं नाही.

थोडक्यात सांगतो काय झालं ते. इंग्लंड टेस्टमध्ये सारखं हरत होतं म्हणून २०२२मध्ये अँड्र्यू स्ट्रॉसच्या समितीने रिपोर्ट दिला, वरची डिव्हिजन फक्त ६ टीमची करा, बाकीच्या १२ खाली, आणि प्रत्येकाला १४च्या ऐवजी १० मॅचेस. ऑस्ट्रेलियात शेफील्ड शील्ड तशीच आहे, ६ टीम, १० मॅचेस आणि एक फायनल. काउंट्यांनी ते नाकारलं. मग २०२५ला परत सगळं टेबलवर आलं, वर १२ टीम खाली ६ असाही एक प्रस्ताव होता, मॅचेस कमी करायच्या होत्या, खेळाडूंची युनियन म्हणत होती की प्रवास आणि लागोपाठच्या मॅचेसने पोरं थकतायत. बदल करायला १८पैकी १२ काउंट्यांची मतं लागतात, ती मिळाली नाहीत, आणि सप्टेंबरमध्ये ठरलं की १४ तशाच राहणार, डिव्हिजन वर १० खाली ८ तशाच. ब्लास्ट मात्र १४ लीग मॅचेसवरून १२वर आणलं, ६-६ टीमचे ३ ग्रुप, आणि फायनल्स डे (सेमी आणि फायनल एकाच दिवशी) जुलैमध्ये, हंड्रेडच्या आधी. ब्लास्टचं हे मला पटलं. आधी क्वार्टर फायनल आणि फायनल्स डे सप्टेंबरमध्ये, मध्ये अख्खं हंड्रेड, तोपर्यंत लीगमध्ये कोण कसं खेळलं ते विसरायला व्हायचं, परदेशी खेळाडू निघून जायचे.

१४ राहिल्या याचा मला मनापासून आनंद झाला, आणि नुसता मेंबर म्हणून नाही. १८पैकी १५ काउंट्या अजून मेंबरांच्या मालकीच्या आहेत, हॅम्पशर, डरहॅम आणि नॉर्थहॅम्प्टनशर सोडून. म्हणजे मी जी रक्कम भरतो त्यात सीटबरोबर एक मत पण येतं. भारतात मला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कारभारात असं मत कोणी दिलं असतं? हा या मेंबरशिपचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि जाहिरातीत तो कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतो. आपली टीम ५ ऐवजी ७ वेळा घरी खेळावी असं मेंबरला वाटणारच, त्यात चूक काय आहे.

पण खेळाडू थकतात हे पण खोटं नाही, मी बघितलंय, चौथ्या दिवशी संध्याकाळी मॅच संपली की बस उभीच असते, दोन-तीन दिवसांत पुढची मॅच दुसऱ्या टोकाला. यावर उपाय मॅचेस कापणं हा नाही, त्या पसरवणं हा आहे. एप्रिल-मेमध्ये ७ कोंबण्याऐवजी ५ ठेवा आणि २ ऑगस्टमध्ये आणा. लोक म्हणतील हंड्रेडवाले चांगले खेळाडू नसतील. नसू देत! वनडे कप तसाच तर चालतो गेली पाचेक वर्षं, हंड्रेडमध्ये ज्यांना घेतलं नाही ते आणि ॲकॅडमीची पोरं. आणि त्या वनडे कपमधूनच पृथ्वी शॉचे ते २४४ आले, ऑगस्ट २०२३, नॉर्थहॅम्प्टनला सॉमरसेटविरुद्ध, मी तासाभराच्या अंतरावर राहतो आणि त्या दिवशी रजा काढली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. मात्र ५० ओव्हरचं क्रिकेट पहिल्या फळीशिवाय खेळवल्याचा परिणामही दिसलाच, २०१९ला वर्ल्डकप जिंकलेलं इंग्लंड २०२३ला भारतात आलं आणि ९पैकी ६ मॅचेस हरलं, वानखेडेवर तर दक्षिण आफ्रिकेने ३९९ केल्यावर १७०मध्ये ऑल आउट. देशातल्या चांगल्या पोरांना ५० ओव्हरची सवयच राहिली नव्हती, माझं तरी तेच मत आहे.

स्पिनरांचं तर विचारूच नका. हिरव्या पिचवर, ढगाळ हवेत, एप्रिलमध्ये कोणता कॅप्टन स्पिनरला बॉल देईल? शोएब बशीर इंग्लंडकडून टेस्ट खेळत होता आणि त्याच्या तेव्हाच्या काउंटीत, सॉमरसेटमध्ये, स्पिनर जॅक लीच असल्यामुळे त्याला जागा नव्हती, एका वर्षी वूस्टरशरला लोनवर (तात्पुरता उसना) तर पुढच्या वर्षी ग्लॅमॉर्गनला. आता आमचा रेहान अहमद बघा. जुलै २०२५, डर्बीशरविरुद्ध, एकाच मॅचमध्ये शतक आणि १३ विकेट! मी ऑफिसमध्ये एका कानात इअरफोन लावून बीबीसी रेडिओ लेस्टरची कॉमेंट्री ऐकत होतो आणि शेवटच्या विकेटला उठून उभाच राहिलो. तीच मॅच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात असती तर लेगस्पिनरने किती ओव्हर टाकल्या असत्या, चार? पाच? इंग्लंडला भारतात येऊन जिंकायचं असेल तर ही गोष्ट एकदम सरळ आहे, स्पिनरला कोरड्या पिचवर बॉलिंग द्या, आणि कोरडी पिचेस जुलै-ऑगस्टमध्येच मिळतात.

डिव्हिजनबद्दल माझं मत जरा अडचणीचं आहे ते पण सांगून टाकतो. १० टीमच्या डिव्हिजनमध्ये १४ मॅचेस म्हणजे ५ टीमशी दोनदा आणि ४ टीमशी एकदाच खेळायचं, हे बरोबर नाही, कोणाच्या वाट्याला सरे दोनदा येते आणि कोणाच्या एकदाच. वर ८ टीम असत्या तर ७ जणांशी घरी आणि बाहेर, बरोबर १४, २०१७ ते २०१९ तसंच होतं. गणित म्हणून तेच चोख आहे. पण मी लेस्टरशरचा आहे हो. आम्ही २००३ला खाली गेलो ते २०२५ला वर आलो, २२ वर्षं! मध्ये एक काळ असा होता की ९९२ दिवस चॅम्पियनशिपची एकही मॅच जिंकली नव्हती, २०१५च्या जूनमध्ये एसेक्सला हरवलं तेव्हा कुठे ते संपलं. तेव्हा लोक उघड लिहायचे की ही काउंटी बंद करा, १८ जास्त आहेत. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात, १९७५ला रे इलिंगवर्थच्या टीमने पहिल्यांदा चॅम्पियनशिप जिंकली तेव्हापासूनचे मेंबर, १९९६ आणि १९९८चे विजय पण बघितलेले. ते मला म्हणाले होते की दार उघडं ठेवलं तर कोणीतरी आत येतंच. स्ट्रॉसची ६ टीमची डिव्हिजन आली असती तर आमच्यासाठी ते दार जवळजवळ बंदच झालं असतं. म्हणून गणित चुकत असलं तरी मी १०च्या बाजूने आहे, आणि त्याची लाज वाटत नाही.

प्रमोशन नक्की झालं तेव्हा त्या आजोबांनी वळून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आणखी काही छोट्या गोष्टी. आपल्या लोकांसाठी: अजिंक्य रहाणे २०२४ला आमच्याकडून खेळला, त्याचं ग्लॅमॉर्गनविरुद्धचं कार्डिफचं शतक मी आणि बाबांनी दोन देशांत बसून एकत्र बघितलं, फोन चालू ठेवून. त्याला इथले लोक फार मान द्यायचे, लहान मुलांना तो थांबून सही द्यायचा हे मी स्वतः पाहिलंय. मुली असतील तर: २०२५पासून बायकांचं क्रिकेट पण काउंट्यांकडे आलंय, २०२५ला वरच्या गटात ८ टीम होत्या, लेस्टरशर त्यात नाही, म्हणून माझ्या मुलीची टीम नॉटिंगहॅमची द ब्लेझ आहे. लेस्टरमध्ये एवढ्या भारतीय वस्तीतल्या मुली टेनिस बॉलने खेळताना दिसतात, त्यांना स्वतःच्या शहराची वरच्या गटातली टीम हवी, याच्यावर क्लबने पुढच्या मीटिंगला बोलावं आणि मी तरी बोलणार आहे.

बसायला: सकाळचं ऊन कुठे येतं ते बघून जागा पकडा, एप्रिलमध्ये सावलीतली सीट नको. जाताना: मॅच ११ला सुरू होते, सप्टेंबरमध्ये साडेदहाला, दरवर्षी कोणीतरी धावत येतं.

रेटिंग ५पैकी ४. क्रिकेटला, मैदानाला आणि माणसांना पूर्ण मार्क, कापलेला एक कॅलेंडरचा. ऑगस्टमध्ये ग्रेस रोडवर चार दिवसांची एक मॅच ठेवली तर मी बाबांना विमानाचं तिकीट काढून देणार आहे, त्यांनी पासपोर्ट रिन्यू करून ठेवलाय.